बेसाच्या प्लॉटवर एवढ्यात विटा उतरवू नका

पत्र असं आलंय (थोडं कापलं आहे, नाव गाळलंय):

"डॉक्टर ताई, नमस्कार. मी वेकोलि या कोळसा कंपनीतून दोन वर्षांआधी रिटायर झालो, नागपूरला मानेवाड्याला राहतो. मुलगी २९ वर्षांची, यंदा एमडी मेडिसिन झाली. आम्हाला वाटलं चला सुटलो. बेसाला माझा १८०० फुटांचा प्लॉट आहे, रिटायरमेंटचा पैसा आहे, खाली दवाखाना अन् १० बेड, वर घर, असा नकाशा पण काढून ठेवला. आता ही म्हणते मला डीएम करायचं, गॅस्ट्रो, अजून ३ वर्षं, अन् ते पण चंदीगड नाहीतर हैदराबाद, जिथे लागेल तिथे. आमचा साळा म्हणतो पोटाच्या गोळ्या तर एमडीवाला पण देते, त्यासाठी तीन वर्षं काहून घालवायची. स्थळं येऊन राहिली, त्यांचा एकच प्रश्न, अजून किती शिकणार. ताई, हे गॅस्ट्रो म्हणजे नेमकं काय, ती ऑपरेशन करणार का, मुलीच्या जातीला हे झेपते का, अन् मी बांधकाम सुरू करू का थांबू? ता.क. मला पण चारेक महिन्यांपासून जेवलं की पोटात जळजळते, रोज सकाळी पॅन्टोची गोळी घेतो, चालते ना?"

भाऊ, ता.क. शेवटी घेते, आधी बांधकामाचं. बांधकाम थांबवा. नकाशा गुंडाळून कपाटात ठेवा, कॉन्ट्रॅक्टरला टोकन दिलं असेल तर गोड बोलून परत मागा. का ते पुढे येईलच, पण आधी तुमच्या साळ्याचं निपटवू, कारण प्रत्येक घरात एक साळा असतो आणि तो जेवणाच्या ताटावर बसून करिअर ठरवतो.

गॅस्ट्रो म्हणजे पोट, आतडी, लिव्हर आणि स्वादुपिंड यांची डॉक्टरी, आणि डीएम ही एमडीच्या पुढची त्यातली पदवी. साळा म्हणतात ते अर्धं खरं आहे. ॲसिडिटीची गोळी एमडी देतो, एमबीबीएस देतो, मेडिकल स्टोअरवाला तर न विचारता देतो. पण एक रात्र डोळ्यासमोर आणा. सावनेरकडून, नाहीतर पार छिंदवाड्याहून गाडी येते, चाळिशीचा माणूस, दारूने लिव्हर गेलेलं, आणि घरून निघाल्यापासून दोनदा तांब्याभर रक्ताची उलटी. तिथे ड्यूटीवर उभी असते ती मेडिसिनची रेसिडेंट, म्हणजे तुमची पोरगीच समजा. ती सुई लावते, रक्त मागवते, शिरांचा दाब उतरवायचं इंजेक्शन चालू करते, नातेवाइकांना समजावते, सगळं बरोबर करते. पण अन्ननलिकेत ज्या फुगलेल्या शिरेतून रक्त येऊन राहिलंय तिथे पोचून तिला रबराचं बँड लावणं हे तिच्या हातात नसतं. ते काम बारा तासांच्या आत व्हावं असं आमचं शास्त्र सांगतं, आणि त्यासाठी ती फोन करते गॅस्ट्रोच्या माणसाला आणि वाट पाहत बसते. एमडीच्या तीन वर्षांत तिने असा फोन किती वेळा केला ते एकदा विचारा तिला. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की त्या वाट पाहण्याचाच कंटाळा आला होता मला, म्हणून गेले.

आता ऑपरेशन. नाही, ती ऑपरेशन करणार नाही, म्हणजे पोट कापणार नाही. ती वाट वेगळी आहे, एमएस सर्जरी करून मग एमसीएच सर्जिकल गॅस्ट्रो. तुमची मुलगी एमडी आहे म्हणजे तिची वाट मेडिकल गॅस्ट्रोची, आम्ही तोंडातून किंवा खालून दुर्बीण घालतो आणि आतल्या आत काम करतो. लोकांना हे कमी वाटतं. पण तुमच्या वडिलांच्या पिढीत कोणाचं अल्सरचं ऑपरेशन झालेलं आठवते का बघा, पोटावर उभा टाका असलेले म्हातारे आधी गल्लोगल्ली दिसायचे. तेव्हा समजूत होती की अल्सर टेन्शनने अन् तिखटाने होतो. मग ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरने १९८४ मध्ये एका जंतूचं पाणी स्वतःच पिऊन घेतलं, पोटाला सूज आणून दाखवली, आणि सिद्ध केलं की पुष्कळ अल्सरच्या मागे हा जंतू आहे. त्याला आणि त्याच्या जोडीदार वॉरनला २००५ चं नोबेल मिळालं. आज त्याच आजाराला दोन आठवडे गोळ्या लागतात. म्हणजे सावजीला जेवढ्या शिव्या बसल्या तेवढी तिची चूक नव्हती (मी सावजी खा म्हणत नाहीये, माझे पेशंट हे वाचतात).

वर्षांचा हिशेब तुम्ही मांडलाय तो बरोबरच आहे पण अर्धा. एमबीबीएस साडेपाच इंटर्नशिप धरून, एमडी तीन, डीएम तीन. त्याच्याआधी नीट एसएस नावाची परीक्षा. मेडिसिनवाल्यांचा सगळ्यांचा एकच पेपर, १५० प्रश्न, चुकलं की मार्क कापतात, आणि त्या एकाच रँकवर कार्डिओ, न्यूरो, नेफ्रो, एंडोक्राइन, गॅस्ट्रो सगळं वाटलं जातं. गॅस्ट्रोची मागणी हल्ली जोरात आहे, वरच्या रँकवाले उचलून नेतात. तर पहिल्या झटक्यात नाही लागलं तर घरात सुतक पाळू नका, आणि "जे मिळते ते घे" असंही म्हणू नका, कारण सीट घेऊन मग सोडली तर ते फार महागात पडतं आणि नको ती ब्रांच जन्मभर करणं त्याहून महाग. डीएम नाही लागलं आणि नॅशनल बोर्डाची सीट लागली, ज्याला आता डॉक्टरेट ऑफ नॅशनल बोर्ड म्हणतात, तर तेही तीनच वर्षांचं आणि तेवढंच चालतं, नाक मुरडू नका. फॉर्म भरायच्या आधी बॉन्डची कलमं मात्र तुम्ही स्वतः चष्मा लावून वाचा, सरकारी सीटला नंतर सेवा द्यावी लागते आणि प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, पोरं रँकच्या आनंदात ते वाचत नाहीत, मीही वाचलं नव्हतं.

आणि कोणीतरी तुम्हाला शॉर्टकट सांगेलच, की एमडी झाली ना, मग काही आठवड्यांचा एंडोस्कोपीचा कोर्स करून घ्या, मशीन घ्या, बेसाला बोर्ड लावा. त्या माणसाला चहा पाजा आणि वाटे लावा. दुर्बीण आत घालणं महिनाभरात जमतं हो, खोटं नाही. आत जे दिसतं त्याचं काय करायचं आणि मुख्य म्हणजे कधी काहीच करायचं नाही, हे त्यात येत नाही.

सीट निवडताना शहराच्या नावावर जाऊ नका, आणि "घराजवळ बघ" हे तर बिलकुल नको. तिने तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात, की स्कोप, म्हणजे ती दुर्बीण, हातात कधी मिळतो, ईआरसीपी किती होतात, आणि लिव्हरचा आयसीयू कोण सांभाळतं. ईआरसीपी म्हणजे काय ते सांगते कारण सगळी मेख तिथे आहे. पित्ताच्या नळीत खडा अडकला, पेशंट पिवळा पडला, ताप आला, की तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत न्यायची, तिथे नळीचं तोंड असतं डाळीच्या दाण्याएवढं, त्यात तार घालायची, एक्सरेवर बघत खडा ओढून काढायचा किंवा स्टेंट टाकायचा. आणि त्या दुर्बिणीचा कॅमेरा समोर नसतो, बाजूला असतो. म्हणजे बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत तुम्ही मान वळवून दुकानाच्या पाट्या बघत चालताय आणि तरी कोणाला धक्का लागू द्यायचा नाही, असं समजा. चांगल्या हातातही त्यानंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ती कधीकधी जिवावर बेतते. माझी पहिली ईआरसीपी मी पाऊण तास धडपडले, घामाने ॲप्रन आतून ओला, आणि सरांनी एक शब्द न बोलता माझ्या हातातून स्कोप घेतला आणि चार मिनिटांत तार आत. त्या दिवशी मेसमध्ये जेवले नाही. पुढचे सहा महिने रोज तेच बघत, करत, बिघडवत, ओरडा खात काढले तेव्हा कुठे हात बसला. हा हात पुस्तकाने येत नाही, केसेसने येतो, आणि केसेस जिथे येतात तिथे माणसाला जावं लागतं.

मोठ्या माणसाचंच उदाहरण घ्या. डी. नागेश्वर रेड्डी, हैदराबादचे, एंडोस्कोपीत जगभर नाव, पद्मश्री, पद्मभूषण आणि २०२५ मध्ये पद्मविभूषण. एमबीबीएस कर्नूलला, एमडी मद्रासला, डीएम चंदीगडच्या पीजीआयला, आणि मग हैदराबादला येऊन त्यांनी एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी उभं केलं. तीन गावं शिकण्यात गेली. कर्नूलला त्यांच्यासाठी कोणी आधीच दुमजली बांधून ठेवलं असतं तर? मला नाही माहीत, पण तुम्ही विचार करा.

आता तुमच्या प्लॉटवर येते, आणि इथे मी स्वतःचं सांगणार आहे.

डीएम करून मी नागपूरला परत आले तेव्हा मला वाटायचं आता काय, धंतोलीत जागा घेतली की झालं. सासऱ्यांनी मदत केली, बँकेचं लोन, छान इंटिरियर, ग्रेनाइटचं काउंटर, एंडोस्कोपीचा सेट, वर हौसेने ईआरसीपीसाठी एक्सरेचं सी-आर्म, त्याच्या रेडिएशनच्या परवानग्या, शिशाच्या भिंती. ओपीडीला लोक यायचे, गॅस, बद्धकोष्ठ, ॲसिडिटी, पोट साफ होत नाही. हे लोक पण खरेच आजारी असतात, त्यांची चेष्टा करत नाही, काही जण तर संडासची डायरी घेऊन येतात वेळेसकट. पण रक्ताची उलटी झालेला माणूस माझ्या ग्रेनाइटच्या काउंटरवर येत नव्हता. तो जायचा मोठ्या हॉस्पिटलात, जिथे आयसीयू आहे, ब्लड बँक आहे, रात्री भूलतज्ज्ञ आहे, सीटी आहे, आणि काही बिघडलं तर शेजारच्या खोलीत सर्जन आहे. बरोबरच होतं त्याचं. मी त्याच्या जागी असते तर मीही माझ्याकडे आले नसते. वर्षभरात माझ्या खोलीत ईआरसीपी झाल्या त्या बोटावर मोजाव्यात इतक्या, आणि एक दिवस बाहेर एका हॉस्पिटलात बोलावलं तर लक्षात आलं की हात जड झालाय. तीन वर्षं रगडून कमावलेला हात एका वर्षात बोथट व्हायला लागला होता, आणि लोनचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला वेळेवर. त्यात एका पेशंटने तोंडातला गार्ड जिभेने ढकलून स्कोपच चावला, रिपेअरचं बिल पाहून नवरा दोन दिवस बोलला नाही, म्हणजे पेशंटशी नाही, माझ्याशी. शेवटी सी-आर्म मिळेल त्या भावात विकलं, जागा अर्धी भाड्याने दिली आणि मी एका मोठ्या हॉस्पिटलला अटॅच झाले. खरं गॅस्ट्रो तिथून सुरू झालं माझं.

म्हणून म्हणते बेसाला १० बेडचा दवाखाना हा एमडी फिजिशियनसाठी ठीक आहे, ताप, शुगर, बीपी, डेंग्यू, सगळं चालेल, मानेवाडा-बेसा भाग वाढतोच आहे. गॅस्ट्रोसाठी तो चुकीच्या मापाचा सदरा आहे. आणि एकदा बांधला की तो तिच्या गळ्यात पडेल, तुम्ही तोंडाने काही म्हणणार नाही पण रोज संध्याकाळी ती रिकामी बिल्डिंग तुमच्या चेहऱ्यावर दिसेल आणि ती हैदराबादहून अर्ध्या मनाने परत येईल. डीएमनंतरची पहिली चार-पाच वर्षं तिला दुसऱ्याच्या छपराखाली काम करू द्या, मग ते कॉर्पोरेट असो, मेडिकल कॉलेजच्या सुपरस्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये असो नाहीतर मिहानच्या एम्समध्ये शिकवायला लागली तर तेही उत्तम. नंतर ती स्वतः म्हणाली की बाबा, तिथे डे-केअर एंडोस्कोपी टाकू, तर नकाशा तिला काढू द्या, स्कोप धुवायची खोली कुठे पाहिजे हे तुमच्या आर्किटेक्टला माहीत नसतं.

परत येईल का, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाही पण आहे तो मनात. नागपूरला पेशंटची कमी नाही हे एक कारण मी तिच्याजागी बसून सांगते. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, इकडे बालाघाट, शिवनी, बैतूल, छत्तीसगडचे लोक, सगळे रेल्वेने नाहीतर एसटीने इथेच उतरतात. आणि इथले आजार पण इथले आहेत. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, त्यात रक्तपेशी लवकर फुटतात, पित्ताशयात काळे खडे होतात, तेही कोवळ्या वयात. शाळेतल्या पोराला कावीळ झाली की बाहेरून शिकून आलेला डॉक्टर आधी लिव्हरचा जंतू शोधतो आणि गावठी वैदू झाडपाला देतो. इथली पोरगी असेल तर ती पहिले विचारते, सिकलिंग केलं का? घरात कोणाला आहे का? सोनोग्राफीत नळी फुगली आहे का? हे मी माझ्या सीनियरकडून मेडिकलच्या वॉर्डात शिकले, एका भामरागडकडच्या पोट्यामुळे, तो आता चांगला मोठा झालाय, दरवर्षी दाखवायला येतो आणि मोहफुलांची पिशवी आणून देतो जिचं मी काय करू हे मला अजून कळलेलं नाही.

मुलीच्या जातीला झेपते का. भाऊ, हा शब्द मला खटकला पण तुम्ही काळजीने लिहिलाय म्हणून सरळ उत्तर देते. या ब्रांचमध्ये बायका कमी आहेत, माझ्या बॅचला मी एकटीच होते. त्रास आहेत. शिशाचा ॲप्रन घालून तासन्तास उभं राहिलं की कंबर आणि मान बोलते, स्कोपची चाकं फिरवून डावा अंगठा दुखतो, आणि गरोदरपणात एक्सरेच्या खोलीचं नीट प्लॅनिंग करावं लागतं, बॅज लावून रेडिएशन मोजतात, मी ते महिने ईआरसीपी सोडून बाकीचं सगळं केलं. पण दुसरी बाजू ऐका. आपल्याकडच्या बाया संडासच्या जागेचा त्रास वर्षानुवर्षं लपवतात, रक्त जातं तरी "मूळव्याध असेल" म्हणून घरात बसतात, पुरुष डॉक्टरकडे दाखवायचं म्हणजे नकोच. समोर बाई दिसली की दार लावून घडाघडा बोलतात. कितीतरी आतड्याचे कॅन्सर मला त्या बोलण्यातून सापडलेत, आणि काही उशिरा सापडले याचं वाईट वाटतं. अशा ओपीडीत तुमची मुलगी बसली तर ती पहिल्या महिन्यात भरेल, बेसाची पाटी न लावता.

स्थळांचं काय सांगू. माझं लग्न डीएमच्या दुसऱ्या वर्षात झालं, नवरा बँकेत, दीड वर्ष तो इकडे मी तिकडे, भेट व्हायची तर ती रेल्वेच्या तिकिटावर अवलंबून. निभलं. "अजून किती शिकणार" विचारणाऱ्याला सरळ आकडा सांगा, ३ वर्षं, आणि उलट विचारा की मुलाची बदली होते का, रात्री दोन वाजता हिला फोन आला तर गाडी कोण काढेल. ज्याला हा प्रश्न विचित्र वाटला तो गेला तर जाऊ द्या. आणि डीएमला लग्नाची अट लावू नका, "आधी लग्न मग फॉर्म" असं तर अजिबात नाही, नीट एसएसचा अभ्यास हॉल बुकिंगच्या धामधुमीत होत नसतो.

पैशाचं म्हणाल तर तो जो रिटायरमेंटचा पैसा आहे तो एफडीत राहू द्या. सरकारी सीटला तिला स्टायपेंड मिळतो, तिचं पोट त्यात भागतं. तुमच्याकडून तिला काही लागलंच तर ते अभ्यासाच्या वर्षात घरात शांतता, वेळेवर डबा आणि साळ्यांपासून संरक्षण. प्लॉटला कंपाउंड घाला तेवढं, बेसाकडे मोकळा प्लॉट दिसला की लोक मलबा आणून टाकतात.

आता ता.क. तुमचं वय मी धरते साठच्या वर. या वयात नव्याने सुरू झालेली जळजळ चार महिने गोळीवर दाबून ठेवायची नसते, पत्रातून तर मी हो चालते म्हणणारच नाही. वजन उतरलं का, जेवण कमी झालं का, गिळताना अडकते का, संडास डांबरासारखी काळी होते का, यातलं काही असेल तर उद्याच जा, नसेल तरी या आठवड्यात एका गॅस्ट्रोवाल्याकडे जाऊन एंडोस्कोपी करून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आदल्या रात्री हलकं जेवा, सकाळी उपाशी जायचं, वाटेत तर्री पोह्याचा ठेला दिसला तरी थांबायचं नाही. पॅन्टो आधीपासून चालू आहे हे तिथे सांगा, अल्सरच्या त्या जंतूची तपासणी त्याने चुकू शकते, ती कधी बंद करायची ते डॉक्टर सांगतील. आणि मुलीला सोबत न्या. बाहेर बाकावर बसवू नका, डॉक्टरांना सांगा ही एमडी आहे, आत येऊ द्या. तुम्ही कुशीवर झोपाल, तोंडात गार्ड असेल, बोलता येणार नाही, तेवढा वेळ ती स्क्रीनकडे बघून काय बोलते ते ऐका.